वृद्ध स्त्रीचे दात आणि हाडे

मेहकर तालुक्यातील जानेफळसारख्या गावात साठी ओलांडलेल्या शेतमजूर स्त्रीला दातांविषयी विचारावे, तर 'वय झालं, दात जायाचेच' एवढेच उत्तर मिळते. कंबरेविषयी विचारले तरी उत्तर तेच. दोन्ही दुखणी म्हातारपणाच्या खात्यावर टाकली की कुटुंब मोकळे होते आणि आरोग्यखातेही. या दोन दुखण्यांचा परस्परांशी संबंध आहे, हे तिला कोणी सांगत नाही.

दाताचे मूळ जबड्याच्या हाडात रोवलेले असते. पाळी बंद झाल्यावर शरीरातील इस्ट्रोजेन घटते आणि पुढील काही वर्षे हाडे जितकी झिजतात तितकी भरून निघत नाहीत. ही झीज मणक्यांत व खुब्यात होते, तशीच जबड्यातही होते. दात हलू लागण्याचे मुख्य कारण हिरड्यांचा जंतुसंसर्ग, म्हणजे पायोरिया, हेच असते. परंतु आधीच विरळ झालेल्या हाडात त्याला फारसा अटकाव उरत नाही. एकाचा दुसऱ्यावर परिणाम नेमका किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. तथापि हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रियांत दात गमावण्याचे प्रमाण अधिक असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. दात गेला की त्या जागचे हाड आणखी झिजते. मग कवळी सैल होते, टोचू लागते आणि अखेर फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवली जाते.

येथून पुढची साखळी ताटात शिरते. भाकरी वरणात चुरून खावी लागते. हरभरा, शेंगदाणे, कच्चा भाजीपाला ताटातून न बोलता निघून जातो. प्रथिने आणि कॅल्शियम घटले की हाडांबरोबर त्यांना सावरणारे स्नायूही खंगतात. गोठ्यात म्हैस असली तरी दूध डेअरीला जाते. उरले तर नातवाला. (नातीला किती, हा प्रश्न वेगळा.) चांगल्या आहाराचा उपदेश करणाऱ्यांनी घरातील वाटपाचा हा हिशेब आधी मांडावा.

याहून गंभीर गोष्ट गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांची. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली गाजला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर पाळीच्या वयातील स्त्रीचे इस्ट्रोजेन एकाएकी आटते. पन्नाशीनंतर सुरू व्हावयाची हाडांची झीज तिच्या वाट्याला पस्तिशी-चाळिशीतच येते. पाळीमुळे खाडा पडू नये म्हणून ज्या स्त्रीने शस्त्रक्रिया पत्करली, तिच्या जबड्याची आणि मणक्याची किंमत कोणत्या मुकादमाच्या वहीत लिहिलेली नाही.

मिश्री व तंबाखू हिरड्यांना घातक आहेत आणि हाडांनाही. मात्र भूक मारण्यासाठी चिमूट तोंडात टाकणाऱ्या बाईला नुसते व्यसनमुक्तीचे प्रवचन ऐकवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. तिच्या दुपारच्या शिदोरीचे काय, ते आधी विचारावे.

वैद्यकशास्त्रातील विभागणीही या प्रश्नाला पोषक ठरली आहे. हाडांचा डॉक्टर तोंड उघडून पाहत नाही, दातांचा डॉक्टर कंबरेची चौकशी करीत नाही. वास्तविक संपूर्ण जबड्याच्या क्ष-किरण चित्रात खालच्या जबड्याची कड पातळ दिसली, तर हाडांच्या तपासणीची सूचना तेथेच मिळू शकते. उलट बाजूही आहे. हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गटातील औषधांमुळे काही रुग्णांत जबड्याचे हाड मृत होते, हे २००३ साली प्रथम निदर्शनास आले. कर्करोगात मोठ्या मात्रेची इंजेक्शने घेणाऱ्यांत हा धोका अधिक, गोळ्या घेणाऱ्यांत विरळा. म्हणून औषध सोडू नये. पण ते सुरू करण्यापूर्वी किडलेले दात काढून घेणे शहाणपणाचे. ही साधी सूचना खेड्यातील किती स्त्रियांपर्यंत पोहोचते?

आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली आणि २०२४ मध्ये सत्तरी गाठलेल्या सर्वांना खुली झाली. ती मुख्यतः रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. म्हणजे खुबा मोडला तर पैसा आहे. तो मोडू नये म्हणून, किंवा भाकरी चावता यावी म्हणून लागणारी कवळी मात्र तिच्या चौकटीत बसत नाही. अर्थशास्त्राच्या साध्या हिशेबानेही हा उफराटा व्यवहार आहे. शासकीय दंत महाविद्यालये नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. एसटीत स्त्रियांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे हे खरे, परंतु कवळीच्या मापासाठी अनेक खेपा लागतात आणि प्रत्येक खेपेला रोज बुडतो.

बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथे कवळी बनविण्याच्या प्रयोगशाळेसह दंतविभाग असावा, त्याच्या पथकाने ठरलेल्या दिवशी जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत यावे, आणि पाळी लवकर बंद झालेल्या किंवा पिशवी काढलेल्या स्त्रियांची नोंद आशा कार्यकर्तींनी योग्य मोबदल्यासह ठेवावी. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी या मागणीचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे नेताना गावातील चार म्हाताऱ्या स्त्रियांना बरोबर न्यावे आणि बोलू द्यावे.