दौंडची घोंगडी ऑनलाइन विकायची? दुकान कसं असावं, नियम काय सांगतात?

समजा, दौंडमधल्या एखाद्या छोट्या घोंगडी व्यवसायाने स्वतःची वेबसाइट काढली. फोटो झकास, रंगसंगती छान. तरी ऑर्डर येत नाहीत. असं का होतं?

कारण घोंगडी लोक चाचपून घेतात. मोबाइलवर ते जमत नाही. टोचते का, वास येतो का, वजन किती, याची उत्तरं पानावरच हवीत. दख्खनी मेंढीची लोकर भरड, त्यामुळे घोंगडी खरखरीत लागणारच. हे लपवलं तर माल परत येतो आणि शिरूरहून मुंबईला गेलेल्या जड पार्सलचा परतीचा खर्च बहुतेकदा विणणाऱ्याच्याच खिशातून जातो. त्यापेक्षा 'खरखरीत' हा शब्द फोटोशेजारीच लिहावा. माप फुटांत द्यावं. घोंगडी पांघरलेल्या माणसाचा एक फोटो असला की आकार लगेच कळतो.

पार्सलचा खर्चही आधीच दाखवावा. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न'विरोधात मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या १३ प्रकारांत शेवटच्या पानावर किंमत वाढवणं येतं, तशीच खोटी घाईही येते. आयत्या टेम्प्लेटमधली 'फक्त २ शिल्लक' ही पट्टी खरी नसेल तर काढून टाका.

मग मोठ्या अ‍ॅपवरच विकलं तर? इथे मेख आहे जीएसटीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय अ‍ॅपवर माल विकता येतो. महाराष्ट्रात त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा ४० लाख रुपये आहे. पॅन देऊन जीएसटी पोर्टलवरून एक क्रमांक घ्यावा लागतो. पण विक्री फक्त राज्यातच. म्हणजे कोल्हापूरचं गिऱ्हाईक चालेल, बेळगावचं नाही.

स्वतःच्या वेबसाइटवर थोडी मोकळीक आहे. सरकारी यादीतल्या हस्तकलेच्या वस्तू नोंदणीशिवाय परराज्यातही विकता येतात, २० लाखांच्या उलाढालीपर्यंत. त्यासाठी पॅन लागतो आणि वस्तू ५०० रुपयांची असली तरी ई-वे बिल काढावं लागतं. आपली वस्तू यादीत बसते का, हे कर सल्लागाराकडून आधी तपासून घ्यावं.

यादीत नसेल तर परराज्यातली ऑर्डर पैसे भरण्याआधीच थांबायला हवी. म्हणून पत्ता आधी, पैसे नंतर. त्यातही फक्त पिन कोडच्या पहिल्या दोन आकड्यांवर विसंबू नये. गोव्याचे पिनसुद्धा ४० नेच सुरू होतात! राज्याचा रकाना वेगळाच ठेवलेला बरा.