कुंकू पुसू का राहू देऊ?

‘चॅपलन’ या शब्दाला मराठीत काय म्हणावं, यावर मी अनुवादक म्हणून दोनदा अडले आणि दोन्ही वेळा ‘पाद्री’ लिहून मोकळी झाले. चूक होती. पाद्र्याकडे मंडळी येतात. चॅपलन दुसऱ्याच्या कामाच्या जागी जातो, पलटणीत, इस्पितळात, आगीच्या बंबाबरोबर. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे चॅपलन मायकल जज ११ सप्टेंबर २००१ ला आपल्या जवानांबरोबर आत गेले आणि त्या दिवसाच्या मृतांच्या नोंदीत पहिले ठरले. संत मार्टिननं आपला झगा अर्धा कापून भिकाऱ्याला दिला. तो झगा जपणारे ते चॅपलन, अशी शब्दाची कुळकथा आहे.

आपल्याकडे नुसता शब्दच नाही असं नव्हे, माणूसच नाही, हे मला कळलं ते वाराणसीत, राजा घाटावर. अमृतराव पेशव्यांचा हा घाट. २०२५ च्या ऑगस्टमध्ये गंगेनं ७१.२६२ मीटरची धोक्याची खूण ओलांडली, पायऱ्या दिसेनाशा झाल्या. परभणीकडचं एक जोडपं यात्रेला आलं होतं. गडू भरायला वाकलेला नवरा गेला. मी वरच्या गल्लीत भाड्याच्या खोलीत काम करत बसले होते. ‘मराठी येणारी बाई’ म्हणून मला हाक आली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ११ वी बटालियन याच शहरातली. जवानांनी जिवावर उदार होऊन शोध घेतला. अंधार पडल्यावर त्यांचा प्रमुख म्हणाला, सकाळी पुन्हा बघू. मी ते मराठीत सांगितलं. तिनं विचारलं, “ताई, कुंकू पुसू का राहू देऊ?”

याचं हिंदी मी केलंच नाही. कुणासाठी करणार? जवानाकडे दोर होते, बोट होती. हे उत्तर देणं त्याचं काम नव्हतं. गल्लीतल्या एकानं पालाशविधीचा दर सांगितला. कायद्याचं उत्तर त्याहून लांबचं: सात वर्षं ठावठिकाणा लागला नाही तर माणूस मृत धरायचा. तोवर कपाळाचं काय करायचं, ते कायद्यात नाही. कुंकू पुसूच नये, हे माझं मत. हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवाप्रथांविरुद्ध ठराव केला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या रात्री तिनं माझं मत विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “तुमच्या मनाला वाटेल तसं करा.” इतकं भेकड वाक्य मी उभ्या आयुष्यात बोललेले नाही.

आमच्या साहित्यिक मित्रमंडळींचं यावर ठरलेलं उत्तर आहे: हे पाश्चात्त्य खूळ, आपल्याकडे नातीगोती आहेत, शेजार आहे. इर्शाळवाडीत जुलै २०२३ मध्ये नातीगोती आणि शेजार एकाच दरडीखाली गेले. २७ मृतदेह मिळाले, चार दिवसांनी शोध थांबवला, ५७ माणसं बेपत्ता म्हणून तिथंच राहिली. ‘शोध थांबवतोय’ हे वाक्य वाचलेल्यांपुढे कुणाला तरी उभं राहून बोलावं लागतं. ते बोलून झाल्यावर तो माणूस जातो कुठे? पुढच्या कामाला. जायलाच हवं त्याला.

दुसरा आक्षेप खरा आहे. छावणीत धर्म शिरला की झेंडे येतात, धर्मांतराच्या कागाळ्या येतात, शिधा वाटतानाचे फोटो येतात. म्हणून तर नेमलेला, शिकवलेला, नियमांनी बांधलेला माणूस हवा. लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री धर्मशिक्षक म्हणून नेमले जातात. त्यानं लष्कराची शिस्त बिघडली नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २००९ मध्ये मानसिक-सामाजिक आधाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली, चांगलं केलं. समुपदेशक हवाच. पण तिचा प्रश्न समुपदेशकाच्या फॉर्मात मावणारा नव्हता.

शाळामास्तर चालेल, नर्स चालेल, वारकरी, निवृत्त हवालदार, कुणीही. स्वतःचा देव (किंवा माझ्यासारखीनं स्वतःची मतं) बाहेर ठेवून यायचं. पैसे घ्यायचे नाहीत. समोरच्या जातीजमातीत मेलेल्याचं आणि न सापडलेल्याचं काय करतात, ते आधी शिकायचं. आणि बोट परत गेल्यावरही तिथंच बसून राहायचं.

तिसऱ्या दिवशी दीर येऊन तिला घेऊन गेला. नवरा सापडला नव्हता. रिक्षात बसताना तिच्या कपाळावर कुंकू होतं, रोजच्यापेक्षा मोठं लावलेलं. माझ्याशी ती बोलली नाही.