माल चोख आहे, वायद्याचे काय?



कान्होलीबाऱ्याची किंवा गुमगावची फुलकोबी पहाटे गाडीत भरली जाते आणि नागपूर शहर ओलांडून कळमन्याच्या बाजारात जाते. तेथे अडत, हमाली, तोलाई होते, माल व्यापाऱ्याच्या हाती जातो, त्याच्याकडून पुरवठादाराच्या हाती. आणि कोणी सांगावे, त्यातलेच दोन कट्टे फिरून हिंगणा रस्त्यावरच्या एखाद्या मेसच्या दारात उतरतही असतील. उत्पादक इथला, खाणारा इथला. मधला फेरा तेवढा दोघांच्या खिशातून.

आपल्या भागात खाणाऱ्यांची कमी नाही. हिंगण्याची औद्योगिक वसाहत आहे, तीत महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि लहानमोठे कितीतरी उद्योग आहेत. डिगडोहला लता मंगेशकर रुग्णालय आहे. वानाडोंगरीला अभियांत्रिकी महाविद्यालय आणि मुलामुलींची वसतिगृहे आहेत. राज्य राखीव पोलीस दल आणि केंद्रीय राखीव पोलीस दल यांच्या छावण्या याच रस्त्याला आहेत. पलीकडे मिहानमध्ये एम्स उभे राहिले आहे. या प्रत्येक ठिकाणी रोज चूल पेटते. ती पेटते तेव्हा भाजी, डाळ, कांदा, तिखट कुठून तरी येतेच. ते आपल्याकडून का येऊ नये, हा साधा प्रश्न आहे.

गटसभेत हा विषय निघाला की एकच उत्तर ऐकू येते. “आमचा माल पाहा ना भाऊ! असा ताजा माल कुठं भेटते? पण मोठ्या लोकायले गावचा माल नाही चालत.” आम्हांला हे उत्तर मान्य नाही. माल ताजा आहे यात शंका नाही. पण संस्थेची खरेदी पाहणारा माणूस सर्वांत चांगला माल शोधत नसतो. आपले स्वयंपाकघर अडचणीत येऊ न देणारा पुरवठादार तो शोधत असतो. सकाळी सातला चारशे माणसांचा नाश्ता आणि बाराला जेवण लागते. भाजी आलीच नाही, तर ती किती ताजी असती, याचा त्याला काय उपयोग?

हे समजायला दूर जायला नको; साखर कारखाना आपला माल कसा विकतो ते पाहावे. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव, हंगाम, दर्जा आणि वजन असते. एस की एम हे डोळ्यांच्या अंदाजाने ठरत नाही. कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेने दिलेल्या प्रमाण नमुन्याशी दाणा आणि रंग ताडून ठरते. निविदा निघते, नमुना दाखवला जातो, उचलीची तारीख ठरते. ज्या कारखान्यांना आसवनी आहे, ते तेल कंपन्यांना इथेनॉल देतात तेव्हा करारात कमी पुरवठ्याबद्दल दंडाचे कलम असते. म्हणजे संस्थेला माल विकण्याची विद्या आपल्याच घरात आहे. पण ती फाटकाच्या आत राहिली. उसातले आंतरपीक मात्र आपण आजही एकेकटे, नशिबावर हवाला ठेवून विकतो.

आता हिशेब मांडू. समजा, एका वसतिगृहात चारशे मुले जेवतात आणि प्रत्येकी दिवसाला दोनशे ग्रॅम भाजी लागते. म्हणजे रोज ८० किलो, आठवड्याचे सहा दिवस धरले तर ४८० किलो. पूर्वहंगामी उसात फुलकोबी घेतलेला एकटा सभासद हे भागवू शकेल काय? त्याचा प्लॉट एकदम निघेल, दोन-तीन आठवडे भरपूर माल देईल आणि मग संपेल. वसतिगृहाला मात्र परीक्षा होईपर्यंत भाजी हवी. पण दहा-बारा सभासदांनी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने लागवड केली, कोणी पत्ताकोबी, कोणी सांभार, कोणी कांदा असे वाटून घेतले, तर तोच पुरवठा सहज होण्याजोगा आहे. मोठ्या बांधणीपूर्वीचे अडीच-तीन महिने उसाच्या सऱ्यांत जागा असतेच. उसाचा पैसा वर्षाकाठी येतो; हा पैसा आठवड्याला येईल.

तेव्हा पहिली गोष्ट, एकट्याने जाऊ नये, गटाने जावे. गटाला कायद्याचे रूप देता येते. कंपनी कायद्याच्या २००२ च्या दुरुस्तीने शेतकरी उत्पादक कंपनीची वाट मोकळी केली. दहा उत्पादक एकत्र आले की ती स्थापता येते, आणि शेअर कितीही असले तरी व्यक्ती-सभासदाला मत एकच. सहकारात वाढलेल्या माणसाला हे तत्त्व नवे नाही.

येथे काही सभासद म्हणतील, कारखान्यानेच आपल्या नावावर भाजी विकावी. आमचे मत याविरुद्ध आहे. कारखान्याने वजनकाटा द्यावा, गट कार्यालयात बसायला जागा द्यावी, शेतकी विभागाने लागवडीचे वेळापत्रक बांधून द्यावे. पण विक्रीची हमी कारखान्याच्या नावावर टाकू नये. एका गटाने कुजका कांदा पाठवला म्हणून साऱ्या सभासदांच्या संस्थेचे नाव जाऊ नये. आणि ज्याचे नाव बिलावर असते तोच माल निवडताना जागा राहतो, हेही खरे.

दुसरी गोष्ट, भेटायचे कोणाला? आपली सवय अशी की आधी पुढाऱ्याची चिठ्ठी आणायची आणि थेट संचालकाच्या खोलीत शिरायचे. चिठ्ठीने माल एकदा आत जातो. दुसऱ्यांदा मालाला स्वतःच्या पायांनी जावे लागते. बऱ्याच संस्थांनी मेसचे काम ठेकेदाराला दिलेले असते, म्हणजे खरा गिऱ्हाईक ठेकेदार असतो. कुठे निविदा निघते, सरकारी खात्यांत २०१६ पासून जेम या सरकारी बाजारपेठेतून खरेदी होते, तर कुठे भांडारपालच दर मागवतो. प्रत्येकाची रीत निराळी. ती आधी विचारून घ्यावी. आणि आचाऱ्याला भेटल्याशिवाय परत येऊ नये. कांदा बारीक असला की सोलणाऱ्या बाईचे काम दुप्पट होते, कोबीत अळी निघाली की जेवणाऱ्याच्या आधी शिव्या आचारी खातो. त्याला काय हवे हे त्याच्याच तोंडून ऐकावे.

तिसरी गोष्ट, हातात काय घेऊन जायचे? टोपलीभर नमुना आणि एक कागद. कागद एकच, पण पूर्ण असावा. गटात किती सभासद, कोणत्या गावचे. कोणता माल कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. आठवड्याला किती किलो. निवड कशी करणार. पोत्यात देणार की कॅरेटमध्ये. गाडी किती वाजता दारात. माल नापसंत झाला तर किती तासांत बदलून देणार. आणि तक्रार कोणाजवळ करायची, त्याचे नाव आणि फोन. त्यात एक ओळ अशीही असावी की अमुक गोष्ट आम्हांला जमणार नाही. “जूनमध्ये पालेभाजीचा भरवसा देता येत नाही,” असे लिहिणाऱ्या गटावर खरेदीदार अधिक विश्वास ठेवतो. सारेच जमते म्हणणारा त्याने पुष्कळ पाहिलेला असतो. आमची सूचना अशी, की शेतात शंभर किलो निघेल असे वाटले तर साठच लिहावे. उरलेल्या चाळीसला कळमना आहेच.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. याची धास्ती उगाच फार घेतली जाते. फळे आणि भाजीपाला महाराष्ट्रात जुलै २०१६ मध्ये बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. थेट संस्थेच्या दारात माल देण्याला त्यामुळे अडसर राहिला नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात शेतकऱ्याच्या हातातला नैसर्गिक स्वरूपातला शेतमाल धरलेला नाही. मात्र तोच माल गटाच्या कंपनीने विकत घेऊन पुढे विकला, किंवा मिरचीचे तिखट आणि तुरीची डाळ केली, की तो अन्न व्यवसाय झाला. त्याला उलाढालीप्रमाणे नोंदणी किंवा परवाना लागतो. भिवापुरी मिरचीला आणि नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकनाचे नाव घेऊन भेसळीचे तिखट गेले तर नावही जाईल. प्रतवारीसाठी १९३७ च्या कायद्याखालील ॲगमार्क आहे, आणि त्याची केंद्रीय प्रयोगशाळा आपल्या नागपुरातच आहे. दिवा हाताशी असून अंधारात चाचपडण्याचे कारण नाही.

कागदपत्रांतच फवारणीची वही येते. ती ठेवायला सभासद सर्वांत जास्त कंटाळतात, म्हणून मुद्दाम सांगतो. आपल्या राज्यातल्या द्राक्ष बागायतदारांनी १९९१ मध्ये महाग्रेप्स ही संस्था काढून परदेशात माल पाठवायला सुरुवात केली. पहिल्या वर्षांत बराच माल नाकारला गेला. शीतगृह, निवड, पॅकिंग हे सारे शिकत ते पुढे गेले. २०१० मध्ये पुन्हा संकट आले. क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि द्राक्षे अडकली, बागायतदार हवालदिल झाले. त्यातून नाशिककरांनी धडा घेतला, बागेगणिक नोंदी कडक केल्या. त्याच सुमारास दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांत तिची गणना झाली. रुग्णालयाचा आहारतज्ज्ञ उद्या आपल्याला विचारील, शेवटची फवारणी कधी आणि कशाची? “आठवत नाही साहेब,” हे उत्तर चालणार नाही.

पाचवी गोष्ट दर आणि पैसे. संस्थेला तीन महिन्यांचा एकच दर हवा असतो, आपल्याला बाजारासारखा वरखाली. मधला मार्ग आहे. कळमन्याचा आठवड्याचा सरासरी दर धरावा, त्यावर निवड आणि वाहतुकीचा ठरावीक आकार लावावा, आणि खालची व वरची मर्यादा आधीच लिहून ठेवावी. भाव पडला तरी खालच्या मर्यादेने आपण वाचतो, भडकला तरी वरच्या मर्यादेने ते वाचतात. चलानावर वजन आणि सही तिथल्या तिथे घ्यावी. पैशांच्या बाबतीत मात्र सावध राहावे. उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावेत, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. ते वेळेवर मिळवताना आपला अनुभव काय आहे, हे निराळे सांगायला नको. भाजीला असा आदेश नाही. तिखट-डाळ करणारा नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत मिळते. म्हणजे गटाजवळ दीड-दोन महिने सभासदांना पैसे वाटता येतील इतके भांडवल हवे. नाही तर तिसऱ्या आठवड्यात पहिला सभासद फुटेल.

आणि येथेच खरे दुखणे आहे. पाऊस लांबला, कळमन्यात फुलकोबीचा भाव एकदम दुप्पट झाला. त्या सकाळी गटातला सभासद काय करील? करारातल्या दराने वसतिगृहाला माल देईल, की गाडी कळमन्याकडे वळवील? आमच्या मते सारा विषय या एका सकाळवर येऊन थांबतो. नमुना, कागद, परवाना, सारे ठीक असले आणि त्या सकाळी गाडी वळली, तर गटाचे दार त्या संस्थेत पुढली पाच वर्षे बंद. दुसऱ्या गावचा गट गेला तरी त्याला तेच ऐकावे लागेल.

ऊस उत्पादकाला हे शिकवावे लागू नये. नोंद एका कारखान्याला आणि ऊस दुसऱ्याला, हा खेळ आपण पाहिला आहे. चार पैसे जास्त मिळतात म्हणून ऊस गेला, गाळप अपुरे पडले, कर्ज थकले, चिमणी थंड झाली. मग पुढच्या वर्षी जास्त पैसे देणाराही भाव पाडून मागू लागला. विदर्भात अशा थंड चिमण्या शोधायला दुर्बीण लागत नाही. वायदा मोडल्याचा तोटा त्या दिवशी दिसत नाही, पण तो व्याजासह वसूल होतो. म्हणून गटाने आपसात आधी लेखी ठरवावे: भाव चढला तरी कराराचा माल आधी जाईल, जास्तीचा बाजारात, आणि जो मोडील त्याला पुढच्या हंगामात गटात जागा नाही. मग तो कोणाचा जावई का असेना.

कोणी म्हणेल, सरकारनेच कायदा करावा. आपल्यासारख्याच ऊस पिकवणाऱ्या ब्राझील देशाने तसे केले. २००९ च्या कायद्याने तेथे शाळांच्या जेवणासाठी केंद्राकडून येणाऱ्या पैशातील किमान ३० टक्के खरेदी लहान शेतकरी कुटुंबांकडून करण्याचे बंधन घातले. पण तेथेही शेतकऱ्याला कोणता माल, किती, कोणत्या तारखेला, हे लिहून द्यावेच लागते. कायद्याने दार उघडते. कागद आणि गाडी आपलीच लागते. आपल्याकडे स्वयंपाकघरांवर असे बंधन नाही. तशी मागणी जरूर करावी, पण ती मान्य होईपर्यंत हात बांधून बसण्यात अर्थ नाही.

“एवढा खटाटोप कायले? कळमन्यात गाडी उभी केली की रोख पैसे.” हाही विचार चुकीचा नाही, आणि कळमना सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण हिंगण्याच्या चहूकडे जमिनीला प्लॉट पडत आहेत. शेती टिकवायची तर एकराला दोन पैसे जास्त मिळाले पाहिजेत, आणि घरच्या पोराला शेतीत काही हिशेब दिसला पाहिजे. शहर दारापर्यंत आलेच आहे, तर त्याला जमीन विकण्याआधी एकदा भाजी विकून पाहावी.

आमची सूचना लहान आहे. या हंगामात एका गटाने एकच मेस धरावी, दोनच भाज्या द्याव्यात आणि तीन महिने एकही दिवस चुकू नये. हिशेब वार्षिक सभेत सर्वांसमोर ठेवावा, नफ्याचा असो वा तोट्याचा. ज्यांची तयारी असेल त्यांनी गट कार्यालयात नाव नोंदवावे. आणि नाव नोंदवण्याआधी, भाव दुप्पट झालेल्या त्या सकाळी आपण काय करू, हे घरी बसून ठरवून यावे.