जुन्या खेळांचीं चित्रें : राखावीं कीं टाकावीं ?

दोन महिन्यांपूर्वीं पालकसभेंत एका गृहस्थांनीं मला विचारलें, "सर, मुलें आधींच खेळांत गुंतलेलीं, त्यांत तुम्ही त्यांस जुन्या खेळांतील चित्रें काढून ठेवावयास शिकवितां, हें कशासाठीं?" प्रश्न रास्त होता. त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून तें येथें देतों.

नांदेड व लातूरकडील माझ्या पिढीच्या पुष्कळ मुलांनीं १९९० नंतरच्या दशकांत टी.व्ही.ला जोडावयाचा व्हिडिओ गेम पाहिला आहे. वीज गेली कीं खेळ तेथेंच संपे. ते संच बहुधा निन्टेंडो या जपानी कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉम यंत्राच्या नकलेनें बनविलेले असत. ज्या वस्तूस आम्ही 'कॅसेट' म्हणत असूं, तिच्यांत फीत नसे; चिप असे.

त्या चिपेंत चित्र कसें ठेवीत, हें ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या कोणाहि मुलीस सहज कळेल. आठ ओळी व दर ओळींत आठ ठिपके, असा चौसष्ट ठिपक्यांचा एक चौकोन. दर ठिपक्यास ० ते ३ यांपैकीं एक अंक. असा चौकोन सोळा बाइटांत मावतो. पहिल्या आठ बाइटांत ठिपक्याची खूण असेल तर एक, पुढील आठांत असेल तर दोन धरून बेरीज करावी, कीं अंक मिळाला. १९८५ सालच्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळांत चित्रांसाठीं अशा ५१२ चौकोनांइतकीच जागा आहे.

परंतु या अंकांत रंग नसतो. कोणत्या अंकास कोणता रंग, हा तक्ता निराळा ठेविलेला असतो. त्याच खेळांतील आकाशांतला ढग व जमिनीवरील झुडूप यांची आकृति एकच आहे; एका तक्त्यानें ती पांढरी दिसते, दुसऱ्यानें हिरवी. तक्ता हरवला तर हातीं नुसते अंक उरतात.

म्हणून हीं चित्रें आजच्या सर्वमान्य प्रकारच्या फाईलींत उतरवून ठेवावीं, असें माझें मत आहे. व त्यासाठीं पीएनजी हा प्रकार योग्य. त्यांत चित्र व रंगांचा तक्ता एकाच फाईलींत राहतात आणि एकहि ठिपका बदलत नाहीं. जेपेग छायाचित्रास चांगला. पण तो जागा वाचविण्यासाठीं बारीक तपशील सोडून देतो, त्यामुळें ठिपक्यांच्या कडा मळतात. चित्र मोठें करणें झाल्यास एका ठिपक्याचे चार, नऊ किंवा सोळा सारखे ठिपके करावे. मधले रंग कल्पनेनें भरूं नयेत.

पीएनजीची जन्मकथाहि बोधप्रद आहे. कॉम्प्युसर्व्ह कंपनीनें १९८७ सालीं काढलेला जिफ हा प्रकार सर्वत्र चालत होता. परंतु फाईल लहान करण्याच्या त्यांतील रीतीवर युनिसिस कंपनीचें पेटंट होतें. १९९४ च्या अखेरीस त्यासाठीं पैसे द्यावे लागणार असें कळतांच, पुढील वर्षीं अनेकांनीं मिळून कोणासहि मुक्तपणें वापरतां येईल असा हा नवा प्रकार रचला. १९९६ सालीं वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमनें त्यास मान्यता दिली. जें जपावयाचें तें एकाच्या कुलुपांत ठेवूं नये, हा यांतील धडा.

दोन पथ्यें मात्र पाळावीं. मोडी कागद बाळबोधींत उतरविल्यावर शहाणा मनुष्य मूळ कागद फाडीत नाहीं. तशी मूळ फाईलहि जपून ठेवावी. दुसरें असें कीं, आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें चित्रांवर कर्त्याचा हक्क मानिला आहे. अभ्यासासाठीं चित्र उतरविणें निराळें, व तें छापून विकणें निराळें. आरंभीं मुलांनीं स्वतः काढलेल्या चौकोनावरच हात बसवावा.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाचें खरें उत्तर. वीस वर्षांपूर्वीं माझ्या आजीनें सांगितलेल्या गोष्टी मीं संगणकावर लिहून ठेविल्या. फॉन्ट युनिकोडपूर्व पद्धतीचा होता, व त्याचें नांवहि मीं कोठें टिपून ठेविलें नाहीं. आज ती फाईल उघडली कीं मराठीऐवजीं रोमन अक्षरांचा व खुणांचा नुसता चुरा दिसतो. अंक आहेत, तक्ता नाहीं. आणि आजी तर राहिली नाहीं. चूक सर्वस्वीं माझी.

परंतु ज्या मुलांस मीं खेळांतील चित्रें उतरविण्यास शिकविलें, त्यांपैकीं नववींतला एक विद्यार्थी खुणेमागें खूण जुळवून तो हरवलेला तक्ता पुन्हां रचीत आहे. आजवर तीन गोष्टी वाचतां आल्या. तिसरी ऐकतांना माझ्या घरांत कोणी बोललें नाहीं.

पालकांस माझी एवढीच विनंती आहे कीं, खेळाच्या वेळेस मर्यादा अवश्य घालावी. परंतु मुलगा एखादें जुनें चित्र मोडून त्याची घडण पाहत बसला असेल, तर त्यास लगेच उठवूं नये. उद्यां घरांतील जुना ठेवा वाचावयाची वेळ आली, तर हीच विद्या उपयोगीं पडेल.