शेजारच्या बाल्कनीतल्या कुत्र्याबद्दल कुणाला सांगायचं?

प्रति,
अध्यक्ष व सदस्य, जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी (राज्यातल्या सर्व जिल्ह्यांच्या),
आयुक्त, पशुसंवर्धन विभाग, महाराष्ट्र राज्य,
आणि महापालिका-नगरपालिकांचे पशुवैद्यकीय अधिकारी

विषय : पाळीव प्राण्याची हेळसांड होत असल्याचा संशय आल्यास शेजाऱ्याने जायचं कुठे, याबाबत.



मारहाण होताना दिसली तर माणूस ओरडतो, धावत जातो, पोलिसांना फोन लावतो. हेळसांडीचं तसं नसतं. ती एका नजरेत कधीच पुरती दिसत नाही. आज पाण्याचं भांडं पालथं पडलेलं दिसतं. काही दिवसांनी लक्षात येतं की त्या कुत्र्याला खाली फिरवायला नेताना कुणी पाहिलेलंच नाही. मग कधीतरी जाणवतं की त्याचं भुंकणंही थांबलंय. यातल्या प्रत्येक गोष्टीला काहीतरी साधा खुलासा असू शकतो, म्हणून शेजारी आणखी थोडं थांबू म्हणतो आणि थांबतच राहतो. हे पत्र त्या शेजाऱ्याच्या वतीनं लिहिते आहे. त्याचा जीव कळवळतो, पण जायला जागा नाही. ती जागा करून देणं तुमच्या हातात आहे.

आमच्या कॉलनीतलंच सांगते. समोरच्या विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या बाल्कनीत एक लॅब्रॅडॉर बांधलेला असायचा. ग्रिलला अडकवलेली साखळी इतकी आखूड की तो आडवा झाला तरी मान वर ताणलेली राहायची. दुपारी तीननंतर बाल्कनीत ऊन भरायचं. फरशी तापली की तो एकेक पाय उचलत उभा राहायचा, बसायचा नाही. संध्याकाळी कुणीतरी नळीनं बाल्कनी धुऊन काढायचं. तेवढ्या वेळात तो ते वाहतं पाणी चाटून घ्यायचा.

विषय सगळीकडे निघायचा. पार्किंगमध्ये, भिशीत, लिफ्टची वाट बघताना. "आपल्याला काय करायचंय?" "कुत्रा त्यांचा, बाल्कनी त्यांची." आणि एक बाई म्हणाल्या, "उद्या रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर त्यांचीच गाडी लागणार आहे." ही शेवटची अडचण मला सगळ्यात खरी वाटते. तक्रार करून माणूस घरी येतो, तो त्याच जिन्यानं. ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्याशी पुढची वीस वर्षं पाण्याच्या टाकीवरून, पार्किंगवरून, गणपतीच्या वर्गणीवरून बोलायचं असतं. हे भ्याडपण म्हणून झटकून टाकू नका.

आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं. त्यांनी विचारलं, "भुंकण्याचा त्रास होतोय का? वास येतोय का? तसं असेल तर लेखी द्या." त्यांच्या तक्रारवहीत प्राणी येतो, तो माणसाला त्रास देणारा म्हणून. त्रास प्राण्यालाच होत असेल, तर ते लिहायला रकाना नाही. पोलीस ठाण्यातले अंमलदार सभ्यपणे बोलले. एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदवतो म्हणाले, तक्रारदार म्हणून नाव-पत्ता लागेल म्हणाले आणि आपसात मिटलं तर बरं, असंही म्हणाले. त्यांना मी दोष देणार नाही. कायद्यानंच त्यांचे हात बांधलेले आहेत.

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० सालचा. त्याचं कलम ११ वाचलं की वाटतं, लिहिणाऱ्यांनी आमची बाल्कनी पाहिली असावी. अवाजवी आखूड किंवा जड साखळीनं जनावर अवाजवी काळ बांधून ठेवणं हा गुन्हा. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकानं पुरेसं हिंडू-फिरू न देणं हा गुन्हा. पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हाही गुन्हा. कुत्र्याच्या फिरण्याचा विचार या देशाच्या संसदेनं इतक्या वर्षांपूर्वी केला, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पण शिक्षा बघा. पहिल्या गुन्ह्याला किमान १० आणि कमाल ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रेबीजच्या एका लशीला आज याहून जास्त पैसे पडतात. शिवाय प्राण्याला ठार मारणं, त्याचे अवयव तोडणं, झुंजी लावणं असे मोजके प्रकार सोडले तर या कलमाखालचे गुन्हे अदखलपात्र आहेत. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली प्राण्याला मारलं, विष घातलं, जायबंदी केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आहे. म्हणजे कुत्रा मारला गेला तर कायदा खडबडून उठतो, आणि तो बाल्कनीत महिनोन् महिने झिजत असेल तर पन्नास रुपये.

शिक्षा वाढवणारा दुरुस्तीचा मसुदा केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला होता. ती दुरुस्ती व्हायलाच हवी. पण नुसता दंड वाढवून आमचा प्रश्न सुटणार नाही, हे मी ठामपणे म्हणते. का, ते सांगते.

शेवटी आम्ही तिघी जणी त्या घरी गेलो. काकांनी दार उघडलं ते वॉकर धरून. कुत्रा मुलानं हौसेनं आणलेला, मुलगा नोकरीसाठी परगावी गेलेला. काकूंना दमा, म्हणून कुत्रा बाहेर. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. "मला दिसत नाही का त्याचे हाल? पण तो ओढतो हो, मी पडेन," म्हणाले आणि रडायलाच लागले. जवळून पाहिलं तेव्हा कुत्र्याची नखं वाढून वळली होती. पुढच्या पायांच्या कोपरांवरचे केस जाऊन काळे, जाड घट्टे पडले होते. कडक फरशीवर सतत पडून राहिलं की असे घट्टे पडतात. डॉक्टर घरी आले, नखं कापली, कानात पू झालेला होता त्याचं औषध सुरू केलं. खालच्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा त्याला सकाळ-संध्याकाळ फिरवायला लागला. या माणसावर खटला भरून कुणाचं भलं झालं असतं?

आता दुसरं घर. त्याच रस्त्यावरच्या बंगल्यात राखणीसाठी आणलेला एक कुत्रा जिन्याखालच्या पिंजऱ्यात असायचा. उभं राहिलं की डोकं छताला लागेल एवढाच पिंजरा. तिथे फाटकावरच ऐकवलं गेलं, "तुमचा काय संबंध?" पुढे तो पिंजरा रिकामा दिसला. कुत्रा विकला, सोडून दिला की मेला, हे कुणालाच कळलं नाही. तिथे गोड बोलणं पुरणार नव्हतं, अधिकारी हवा होता.

रस्त्यावरून बघणाऱ्याला ही दोन्ही घरं सारखीच दिसतात, आणि खरा पेच इथेच आहे. हडकलेला कुत्रा उपाशी असेल, तसा मूत्रपिंडाच्या आजारावर उपचार घेत असलेला म्हातारा कुत्राही असेल. तासभर बांधलेला कुत्रा दिवसभर बांधलेला असेलच असं नाही. हा निवाडा शेजाऱ्यानं गॅलरीत उभं राहून करायचा नाही. त्यासाठी जनावराच्या अंगाकडे बघून त्याचे हाल ओळखता येणारा आणि दार उघडायला सांगण्याचा अधिकार असलेला माणूस लागतो. आज शेजाऱ्यापुढे दोनच वाटा आहेत, गप्प बसणं किंवा गुन्हा दाखल करायला जाणं. मधली वाट नाही, म्हणून बहुतेक जण पहिली धरतात.

मधली वाट तयार करायला नवा कायदा लागत नाही. २००१ च्या केंद्रीय नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी स्थापन करायची आहे, तीही नियम लागू झाल्यापासून सहा महिन्यांत. आजारी आणि सोडवलेल्या प्राण्यांसाठी जागा द्यायची जबाबदारी त्यात राज्य सरकारवर टाकलेली आहे. आपल्याकडे बहुतेक जिल्ह्यांत जिल्हाधिकारीच तिचे अध्यक्ष असतात. पण ही सोसायटी कुठल्या कचेरीत बसते, तिचा फोन कोण उचलतं, हे आमच्या कॉलनीतल्या एकालाही सांगता आलं नाही. खरं तर मुंबईत अशी संस्था १८७४ मध्येच उभी राहिली आणि परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय १८८३ चं आहे. तेव्हा हाल व्हायचे ते गाडीला जुंपलेल्या बैला-घोड्यांचे, भर रस्त्यात, चारचौघांदेखत. आताचे हाल फ्लॅटच्या आत, बंद दारामागे होतात. तिथे शेजाऱ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही.

म्हणून त्याच्यासाठी एक फोन नंबर द्या. लहान मुलांसाठी १०९८ आहे, तसा. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ आहे, पण तो आजारी जनावराच्या उपचारासाठी, आणि मुख्यतः पशुपालकांसाठी. आम्हाला सांगायचं असतं ते वेगळं. सांगणाऱ्याचं नाव मालकापर्यंत कधीही पोहोचता कामा नये. या एका गोष्टीवर बाकी सगळं अवलंबून आहे. फोन आला की पशुवैद्यकानं घरी जावं, कुत्र्याच्या परवान्याची आणि लशीची चौकशी हे निमित्त महापालिकेकडे आहेच. प्राणी तपासावा, काय बदलायचं ते लेखी द्यावं, मुदत द्यावी आणि मुदत संपली की पुन्हा जावं. त्या काकांसारखं घर असेल तर मदत जोडून द्यावी. बंगल्यासारखं असेल तर पशुवैद्यकाचा अहवाल हाताशी घेऊन जिल्हा सोसायटीनंच दंडाधिकाऱ्यांकडे जावं. मालक दोषी ठरला तर प्राणी काढून घेण्याचा अधिकार कलम २९ नं न्यायालयाला दिलेला आहे. पण काढून घेतलेला प्राणी ठेवणार कुठे, याचं उत्तर आधी तयार हवं. निवाऱ्याची सोय नसेल, तर "नेऊन काय करणार?" या प्रश्नापाशी सगळं अडतं.

खोट्या तक्रारी येतील, हे मला मान्य आहे. पार्किंगचं भांडण कुत्र्यावर काढणारे लोक आहेत. पण पहिलं पाऊल डॉक्टरांच्या भेटीचं असेल, तर खोट्या तक्रारीनं फार तर एका धडधाकट कुत्र्याची तपासणी होईल. आज मात्र असे वाद व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो टाकून लढले जातात. त्यात कुटुंबाची बदनामी होते, मालक चिडतो, आणि बाल्कनीचं दार पडदा लावून बंद होतं. कुत्रा आत तसाच.

शेजाऱ्यांनाही एक सांगणं आहे. जे दिसतं ते तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. फोटो आपल्या हद्दीतून काढा, दुसऱ्याच्या घरात शिरू नका. या कायद्याखाली गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खटला दाखल व्हावा लागतो, म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" हे परवडत नाही. आणि शक्य असेल तिथे आधी दार वाजवा.

मार्चपासून पश्चिमेच्या बाल्कन्या तापायला लागतात. त्याआधी प्रत्येक जिल्ह्याच्या सोसायटीचा फोन नंबर, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि "आपलं नाव गुप्त राहील" ही ओळ प्रत्येक गृहनिर्माण सोसायटीच्या सूचना फलकावर आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात लागली पाहिजे. एका परिपत्रकाचं हे काम आहे. ते काढा, एवढीच मागणी आहे.

आपली,
एका गृहनिर्माण सोसायटीतली रहिवासी