‘फक्त अमुक ब्राउझरमध्येच उघडा’ ही सूचना मान्य करू नका

प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज भरायचे दिवस आले की वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न हमखास असतो : सगळ्यात सुरक्षित ब्राउझर कोणता? एखादं नाव सांगून मोकळं होता येईल, पण त्याने भागत नाही. ज्या अर्जासाठी हा सगळा खटाटोप, त्याच्याच पानावर ‘हे संकेतस्थळ फक्त अमुक ब्राउझरमध्ये उघडा’ अशी सूचना असेल, तर निवड तुमच्या हातात उरतेच कुठे? एकाच ब्राउझरचा हट्ट धरणारं संकेतस्थळ आपल्याला असुरक्षित करतं, हे माझं ठाम मत आहे.

दक्षिण कोरियाने याची मोठी किंमत मोजली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका भक्कम सांकेतिकीकरणाचं तंत्र सहजासहजी देशाबाहेर जाऊ देत नव्हती. कोरियाने ‘सीड’ नावाची स्वतःची पद्धत तयार केली. ब्राउझरमध्ये ती नसल्याने ‘अॅक्टिव्हएक्स’चा जोड द्यावा लागला, आणि तो चालायचा फक्त इंटरनेट एक्सप्लोररमध्ये. बँक, खरेदी, सरकारी काम, कुठेही गेलं की ‘हे इन्स्टॉल करा’ अशी खिडकी उघडायची आणि लोक न वाचता ‘होय’ दाबायचे. सुरक्षेसाठी उभारलेल्या व्यवस्थेने अख्ख्या देशाला चोरांच्या सोयीची सवय लावली. ओळख पटवणाऱ्या ज्या सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्रांभोवती हा पसारा वाढला, त्यांचं खास स्थान कायद्याने संपायला डिसेंबर २०२० उजाडला.

मराठीनेही या दुखण्याची झळ सोसली आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी आपल्या वृत्तपत्रांची संकेतस्थळं ज्याच्या त्याच्या फाँटवर चालत. कुणी फाँट उतरवून घ्यायला सांगे, तर कुणाचा फाँट पानासोबत आपोआप येई, पण इंटरनेट एक्सप्लोरर असेल तरच. त्या काळातलं एखादं पान आज उघडून पाहा. अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा चिवडा दिसेल. तो शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाला वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्यातून काही कळत नाही. युनिकोड हे सर्वांनी मान्य केलेलं मानक वापरात आल्यावर मराठी मजकूर कुठल्याही यंत्रावर मराठी म्हणून दिसू लागला.

आता सुरक्षिततेकडे वळू. ब्राउझर दिवसभर अनोळखी लोकांनी लिहिलेला कोड तुमच्या यंत्रावर चालवत असतो. त्यात भोकं सापडतात, ती बुजवली जातात. पण दुरुस्ती जाहीर झाली की भोक कुठे होतं तेही जगाला कळतं, आणि ज्याने ब्राउझर अद्ययावत केलेला नाही त्याच्यावर आयता नेम धरता येतो. म्हणूनच क्रोम २०२३पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला देतं. विंडोज ७वर मात्र त्याची १०९ ही शेवटची आवृत्ती. जानेवारी २०२३नंतर पुढची आवृत्ती तिथे बसतच नाही. अशा यंत्रावर बँकेचं काम करू नका.

आजच एक गोष्ट तपासा. क्रोममध्ये वर उजवीकडे उभे तीन ठिपके असतात, फायरफॉक्समध्ये आडव्या तीन रेघा. तिथे मदतीच्या पर्यायात ब्राउझरची माहिती उघडली की आवृत्तीचा आकडा दिसतो आणि नवी आवृत्ती असेल तर ती उतरायला लागते. उतरलेली दुरुस्ती ब्राउझर बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच लागू होते. वीस टॅब उघडे ठेवून आठवडाभर ब्राउझर बंदच न करणाऱ्यांच्या यंत्रात दुरुस्ती येऊन पडलेली असते, पण उपयोगाला येत नाही. पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. पाकीट वाटेत कुणी फोडलं नाही एवढंच ते सांगतं, पाकीट घेणारा प्रामाणिक आहे की नाही ते सांगत नाही. क्रोमने ते चिन्ह २०२३मध्ये काढून टाकलं ते याच गैरसमजामुळे.

मग कोणता घ्यावा? नावं पुष्कळ असली तरी आतून पान उभं करणारी मोठी इंजिनं तीनच. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे ब्लिंकवर चालतात, सफारी वेबकिटवर आणि फायरफॉक्स गेकोवर. माझा सल्ला असा की संगणकावर ब्लिंकवरचा एक ब्राउझर आणि फायरफॉक्स असे दोन ठेवा. फायरफॉक्स मराठीतूनही वापरता येतो. दोन्ही अद्ययावत ठेवा आणि बँकेच्या कामासाठी ठेवाल त्यात एकही एक्स्टेन्शन नको. एकाच इंजिनाचं राज्य आलं की काय होतं ते आपण पाहिलंय. नेटस्केप हा स्पर्धक ब्राउझर हरल्यावर इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१मध्ये आली आणि सातवीला २००६ उजाडलं. मधल्या काळात, २००४मध्ये, फायरफॉक्स आला नसता तर ती झोप आणखी लांबली असती.

राहिला ‘फक्त अमुक ब्राउझर’चा प्रश्न. केंद्र सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९पासून आहेत आणि २०२३मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. संकेतस्थळ वेगवेगळ्या ब्राउझरवर तपासावं आणि सर्वांना, दिव्यांगांनाही, वापरता यावं, ही त्यांची भूमिका आहे. संकेतस्थळाची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याचा संपर्क पानावर द्यावा, असंही त्यांत म्हटलंय. तेव्हा अर्ज अडला की सूचनेचा स्क्रीनशॉट घ्या, ब्राउझरचं नाव आणि आवृत्ती लिहा आणि त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. सायबर कॅफेवाल्याने जुनं यंत्र चालू करून तुमचं काम निभावून नेलं, तरीही लिहा. तक्रारच आली नाही तर कार्यालयाच्या दृष्टीने संकेतस्थळ व्यवस्थित चालू असतं, आणि पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्याच जुन्या यंत्रापुढे रांग लावतात.