ताण्या-बाण्याची गिटार

भिवंडीत पावसाळा लागला की गिटार शिकणाऱ्यांचे हाल सुरू होतात. ॲक्शन, म्हणजे तारांची मानेपासूनची उंची, वर जाते, तारा दाबताना बोटं सोलवटतात, सकाळी लावलेला सूर संध्याकाळपर्यंत सरकतो. दोष हाताचा नसतो. गिटारची वरची फळी बहुधा स्प्रूस लाकडाची. ती हवेतलं पाणी शोषून फुगते आणि ब्रिजला वर उचलते. लाकडी गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे जुलैत ती ऐंशीच्या पुढे असते. त्यामुळे कार्बन फायबरची गिटार मला इथल्या वादकाची खरीखुरी गरज वाटते.

हे सामान या यंत्रमागांच्या गावाला परकंही नाही. कार्बनचं कापड मागावरच विणतात. अशा गिटारीच्या पाठीवर चमकणारी तिरकी वीण म्हणजे ट्विल, हे यंत्रमाग चालवणारा कामगार बघताक्षणी सांगेल. पण त्या चमकेवर भाळू नये. स्प्रूस रेषेच्या दिशेने जितकी ताठ असते, त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकी आडवी. समतोल विणलेलं ट्विल मात्र ताण्याच्या आणि बाण्याच्या दिशेने सारखंच ताठ. म्हणून जाणता कारागीर कोणत्या थरात धागे कुठल्या दिशेने घालायचे ते ठरवतो, आणि गिटारचा आवाज तिथे तयार होतो. स्वस्त मालात कधी धाग्यांचे तुकडे प्लास्टिकमध्ये मिसळून साच्यात घालतात. त्यावर कार्बन लिहिलेलं असतं, पण आवाज कोता.

हवाईत जॉन डेकर या भौतिकशास्त्रज्ञाने ऊन-पाऊस सोसणारी कार्बनची रेनसाँग गिटार उभी केली. तिच्या फळीखाली लाकडी गिटारीसारख्या आधारपट्ट्या नाहीत. तार छेडताच आवाज झटकन सुटतो, खर्ज स्वच्छ, वरचे स्वर लखलखीत, नाद लांबतो. कॉर्ड वाजवली की प्रत्येक तार वेगळी ऐकू येते. लाकडात त्याच तारा एकमेकींत मिसळतात, आणि हे मिसळणं मला आजही अधिक प्रिय आहे. हाताला मात्र कार्बन सुखाचा: मान बाराही महिने सरळ राहते. पाठ गुळगुळीत असल्याने बसून वाजवताना मांडीवरून घसरते, तेवढं सांभाळावं लागतं.

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी कानाने ऐकत, घासत घासत काढतो. लाकडी गिटारीच्या पट्ट्याही तशाच तासून आवाज मोकळा करता येतो. कार्बनचा थर एकदा घट्ट झाला की फेरफाराची सोय संपली. तडा गेला तर जवळपास दुरुस्त करणारा सापडणंही कठीण.

तेव्हा स्टुडिओत रेकॉर्डिंग करणाऱ्याने लाकूडच घ्यावं आणि पावसाळ्यात खोली कोरडी ठेवावी. रिक्षातून, लोकलमधून गिटार नेऊन गणपतीच्या मंडपात वाजवणाऱ्याने पैसे साठवून चांगली कार्बनची घ्यावी, आणि घेण्याआधी दुकानदाराला विणीपेक्षा आतल्या थरांबद्दल विचारावं.